मधला पांढरा पट्टा

युरोपची चित्रकला आमच्या शाळेत येऊन अडली ती लुगड्याच्या रंगावर. तिकडे दोन-अडीचशे वर्षांत काय काय उलथापालथ झाली, किती राजे आले नि गेले, त्याचं इथे कुणाला सोयरसुतक नव्हतं. एका मुलीच्या आईने मला दारातच उभं करून विचारलं, "पांढरं नेसायला आमची लेक काय पांढऱ्या कपाळाची हाय?" आणि तोंडावर कडी लावून घेतली.

मी विद्युल्लता. त्रेचाळीस साली बेळगावात, खडेबाजारामागच्या एका मुलींच्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवत होते. घर निपाणीचं, वडिलांची तंबाखूची वखार. माझं बालपण शिंकण्यात गेलं आणि स्वभाव त्याच वखारीत मुरला, असं आमच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणायच्या. मुंबईला राहून रीतसर चित्रकला शिकून आले होते. शाळेने त्या शिक्षणाचा उपयोग रांगोळीच्या स्पर्धा आणि फळ्यावरची सुवचनं एवढ्यापुरताच केला होता.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला कलेक्टरसाहेबांची मडम पाहुणी म्हणून यायची होती. आदल्या वर्षीच्या ऑगस्टात आमच्या मुली वर्ग सोडून रस्त्यावर गेल्या होत्या, तेव्हापासून सरकारची शाळेवर नजर होती आणि ग्रँट बंद करण्याची ताकीदही येऊन पडली होती. संस्थेचे अध्यक्ष केशवराव वकील. त्यांनी सभा घेऊन सांगितलं, की कार्यक्रमात राजकारणाचा वाससुद्धा नको. शिवाजीमहाराज नकोत, झाशीची राणी नको, द्रौपदीही नको. वस्त्रहरणाच्या प्रवेशाला टाळ्या पडतात त्या कौरवांसाठी नसतात, एवढं वकीलसाहेबांना कळत होतं.

"मग युरोप दाखवते," मी म्हणाले. "चार देखावे. बरोकपासून रोमँटिकपर्यंत."

वकीलसाहेब खूश झाले. मडमेला तिचंच काहीतरी दाखवायचं, यापेक्षा सुरक्षित काय असणार?

देखावा म्हणजे सोपी गोष्ट. पडदा उघडायचा, आत मुली एखाद्या चित्रासारख्या उभ्या असायच्या, बाजूला उभं राहून कुणीतरी त्या चित्राची टिपणी वाचायची, पडदा पडायचा. नियम एकच, हलायचं नाही. डोळ्यांवर माशी बसली तरी नाही. हे मी मुलींच्या डोक्यात इतकं भरवलं होतं, की तालमीत एकीला ठसका लागला तर बाकीच्या तिच्याकडे बघायलासुद्धा तयार होईनात.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती. युरोपची ही सगळी चित्रं मी पाहिली होती ती पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छाप्यात. रंग एकाचाही ठाऊक नव्हता. त्यामुळे रंग मीच दिले, शहापूरच्या मागांवर मिळतात ते. युरोपच्या थोरामोठ्यांनी मला माफ करावं. नाही केलं तरी माझं काही अडत नव्हतं.

पहिला देखावा बरोक. या नावावरून मुली दिवसभर "बरं का, बरोक का" करत हिंडल्या. त्यात अंधार फार आणि उजेड थोडा, पण जो असतो तो थेट माणसाच्या अंगावर येतो. घागरीमागे दिवा लपवायचा, गुणा नावाच्या मुलीने केशरी लुगडं नेसून गुडघा टेकायचा आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं अर्धं वळून बघायचं. आता काहीतरी होणार, असं वाटलं पाहिजे. दुसरा देखावा रोकोको. हे नाव ऐकून मोठ्या बाई म्हणाल्या, "हे काय, कोंबडीनं अंडं घातलं का?" त्यात सगळा आनंदीआनंद. बाग, फुलं, झोपाळा, खायची ददात नाही आणि कामाचा पत्ता नाही. मनू पोपटी-हिरवं शहापुरी नेसून झोपाळ्यावर बसायची. हा देखावा मला मनापासून आवडत नव्हता, पण सगळ्या आयांना तोच आवडला.

तिसऱ्यापाशी, म्हणजे निओक्लासिकलपाशी, घोडं अडलं. रोकोकोच्या त्या लाडिकपणाचा तिकडच्या माणसांना वीट आला, तेव्हा त्यांनी जुन्या रोमकडे, ग्रीसकडे तोंड वळवलं. सरळ रेषा, सरळ खांब, सरळ चुण्या. हसणं नाही, रडणं नाही. माणूससुद्धा संगमरवराचा. इथे पांढऱ्याशिवाय दुसरा रंग चालणारच नाही. आणि बेळगावात एक आई आपल्या मुलीला पांढरं नेसवायला तयार होईना. मोठ्या बाई म्हणाल्या, "गुलाबी चालवा ना." मी म्हणाले, "गुलाबी नेसवलं की ती पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसते." त्या रागावल्या. खरं म्हणजे मी विनोद केला नव्हता.

शेवटी अंबुबाई बोलली. अंबुबाई येळ्ळूरची, आमच्या शाळेची बोलावणारी. सकाळी घरोघरी जाऊन मुलींना हाका मारून शाळेत आणायचं, संध्याकाळी पोचवायचं, हे तिचं काम. लग्नानंतर वर्षातच नवरा गेला. तेव्हापासून पांढरं लुगडं आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. संमेलनात पडद्याचा दोर तिच्या हाती असायचा. पडद्यामागे ती चालायची, कारण तिथे ती कुणाला दिसत नव्हती.

"बाई, येवढं काय शोधालाय?" ती म्हणाली. "मी नेसलेलंच हाय की पांढरं. मी ऱ्हातो हुबी."

मी तिच्याकडे पाहिलं. उंच, ताठ मान, दंडात मातीचं काम केलेल्या बाईचं बळ. माझ्या छाप्यातल्या बाया तिच्यापुढे आजारी दिसल्या असत्या.

संमेलनाच्या समितीत गहजब झाला. मंगल प्रसंग, पाहुणे यायचे, आणि व्यासपीठावर ही? माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "रोज सकाळी हिच्या हाकेनं तुमच्या मुली घराबाहेर पडतात, तेव्हा अपशकुन होत नाही?" केशवरावांनी वकिली मार्ग काढला. "पुतळाच दाखवायचाय ना? मग तोंडाला खडूची पूड फासा. ओळखू येता कामा नये. आणि पहिल्या-दुसऱ्या देखाव्याला दोर तिच्याकडे, तिसऱ्याला तुम्ही धरा, चौथ्याला पुन्हा तिच्याकडे."

अंबुबाईला हे मी सांगितलं तेव्हा मला शरम वाटत होती. ती म्हणाली, "फासा. चालतंय."

चौथा देखावा रोमँटिक, आणि माझा सगळा जीव त्यात होता. संगमरवराला कंटाळून या लोकांनी पुन्हा माणसाच्या रक्ताला हात घातला. वादळं काढली, बुडणारी जहाजं काढली, बंड काढलं. माझ्या पुस्तकात एक चित्र होतं. धूर, पडलेली माणसं, आणि त्या सगळ्यांवरून पुढे चाललेली एक बाई. मागे वळून ती म्हणतेय, चला. तिच्या हातात निशाण. छाप्यात त्याला तीन पट्टे होते, एक गडद, मधला पांढरा, आणि पुन्हा एक गडद. तेरा वर्षांची असताना निपाणीत मी एका प्रभातफेरीत बायका पाहिल्या होत्या. ते चित्र प्रथम पाहिलं तेव्हा मला त्या आठवल्या आणि मी वाचनालयात बसून रडले होते. चित्र बघून रडू आलं ते आयुष्यात तेवढंच.

त्या बाईचं काम विनोदिनीला दिलं होतं. विनोदिनी मॅट्रिकला होती आणि केशवरावांची मुलगी होती. मुलगी मुख्य भूमिकेत म्हणून ते तालमीला आले, निशाण पाहिलं, आणि खुर्चीतून उठले. अजून मी त्यावर रंगसुद्धा दिला नव्हता, नुसते पेन्सिलीने तीन पट्टे आखले होते.

"हे काय आहे?"

"फ्रान्सचं आहे. फ्रान्स सरकारच्या बाजूनं लढतंय ना?"

"मला शिकवू नका, विद्युल्लताबाई. तीन पट्टे दिसले की लोकांना कुठला फ्रान्स दिसणार आहे?" मग त्यांचा आवाज खाली आला. "शाळा बंद पडली तर तुम्ही निपाणीला जाल. या मुली कुठं जातील? वर्षाच्या आत निम्म्यांची लग्नं लावून टाकतील. मी भित्रा नाही. मला ही शाळा उघडी ठेवायचीय."

ते खोटं बोलत नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. भित्र्या माणसाला झिडकारता येतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तुकडा पाठवला. निशाण हवंच असेल तर हे लावा, नाहीतर चौथा देखावा रद्द आणि तुमची नोकरीही.

मी ते कापड घेऊन ड्रॉइंगच्या खोलीत बसले. अंबुबाई झाडायला आली होती.

"हे काय, बाई?"

"निशाण. पांढरं. लढाईत पांढरं निशाण दाखवलं की त्याचा अर्थ, आम्ही हरलो, मारू नका, तुम्ही म्हणाल तसं वागू. आणि हे त्या बाईच्या हातात द्यायचं!"

अंबुबाईने केरसुणी टेकवून ठेवली. आपल्या पदराचं टोक चिमटीत धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. "आमच्यातबी त्याचा अर्थ तोच हाय की," ती म्हणाली, आणि पुन्हा झाडायला लागली.

मी त्या कापडाकडे बघत बसले आणि हळूहळू हसू यायला लागलं. वकीलसाहेबांनी मला मधला पट्टा आयता पाठवला होता! चौथ्या देखाव्यात गर्दी हवीच होती. पहिल्या देखाव्यातली केशरी गुणा विनोदिनीच्या वरच्या अंगाला खोक्यावर उभी करायची, दुसऱ्यातली हिरवी मनू खाली गुडघ्यावर. दोघींचे पदर वाऱ्याने उडाल्यासारखे काठीला येऊन लागायचे. वर केशरी, मध्ये समितीचं पांढरं, खाली हिरवं. चित्रकलेच्या दृष्टीनेही यात काही चूक नव्हती. रोमँटिकवाल्यांनी बरोकचा उजेड घेतलाच होता. झोपाळ्यावरच्या पोरीला मी खाली उतरवून कामाला लावलं, एवढंच माझ्या पदरचं.

तिन्ही मुलींना सांगितलं, तुरुंगाचं सांगितलं, नाही म्हणायला मोकळीक दिली. विनोदिनीने फक्त विचारलं, "काठी कुठल्या हातात?"

संमेलनाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. पुढे मडम, तिच्या शेजारी केशवराव, मागच्या रांगेत एक फौजदार, आणि डावीकडे सगळ्या आया. बरोक झाला. घागरीमागच्या दिव्याने गुणाचा अर्धा चेहरा उजळला. मी वाचलं, "या काळचे चित्रकार सगळं दाखवत नाहीत. निम्मं अंधारात ठेवतात, आणि आपण तिकडेच बघत राहतो." रोकोकोला टाळ्याच टाळ्या. मडम मान डोलावत होती. मग मी दोर धरला आणि तिसरा पडदा उघडला.

कागदाच्या खांबाला हात टेकून अंबुबाई उभी होती. तोंड, मान, हात खडूने पांढरेफटक. लुगड्याच्या चुण्या मी पट्टीने आखून बसवल्या होत्या. ती श्वास घेतेय की नाही, ते मलासुद्धा कळेना. आयांच्या रांगेत कुजबुज झाली, "केवढी गोरी पोर! कुणाची गं?" मी वाचलं, "इथे माणूस नियमात उभा राहतो. दुःख असलं तरी ते चुण्या मोडत नाही."

पडदा पाडून मी आत आले तर केशवराव विंगेत उभे. चौथ्यासाठी तयार उभ्या असलेल्या तिघी त्यांच्यासमोर. केशरी, पांढरं, हिरवं. वकील माणूस, बघताक्षणी ओळखलं. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. पुढे होऊन लेकीच्या हातातल्या काठीवरून पांढरं कापड ओढून काढलं आणि कोटाच्या खिशात कोंबलं.

"आता काढा चित्र," ते म्हणाले. "नुसती काठी धर, विनू. दोन रंगांना कुणी पकडत नाही."

"आप्पा," विनोदिनी म्हणाली, पण ते पाठ फिरवून गेले होते. पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले, तेव्हा कापडाचं एक टोक खिशाबाहेर लोंबत होतं.

बाहेर टाळ्या वाजायला लागल्या, पुढचं दाखवा म्हणून. मुली माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्यापाशी काही नव्हतं. मी चिडले होते, आणि हरलेही होते. मनूने विचारलं, "बाई, उभं राहायचं की नाही?"

कोपऱ्यात पाण्याचा आवाज आला. अंबुबाई घागरीतल्या पाण्याने तोंड धूत होती. खडूचं पाणी गळ्यावरून ओघळत होतं. तिने तोंड पुसलं, दोर ओढून पडद्याची फट बघितली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी भाईर जावा. टिपनी वाचा. पडद्याचं मी बघतो."

"निशाण नाही, अंबुबाई."

"पांढरंच पायजे न्हवं?" ती म्हणाली. "माझ्यापाशी लई हाय."

मी बाहेर येऊन माझ्या जागी उभी राहिले. कागद हातात होता, अक्षरं दिसत नव्हती. पडदा उघडला.

खोक्यावर गुणा, केशरी पदर काठीच्या टोकाला. खाली गुडघ्यावर मनू, हिरवा पदर काठीच्या बुडाशी. मध्ये विनोदिनी, मान वळवून मागच्या सगळ्या जगाला बोलावत असलेली. आणि तिच्या खांद्याला खांदा लावून अंबुबाई. दोर ओढून ती चित्रात शिरली होती. डोक्यावरचा पदर तिने काढला होता. इतक्या वर्षांत तिचे केस आम्ही कुणी पाहिले नव्हते. तो पदर तिने दोन्ही रंगांच्या मध्ये काठीला लावून मुठीत आवळून धरला होता. तोंड ओलं, काळंसावळं, उघडं. आता तिला कुणी गोरी पोर म्हणालं नसतं. सगळ्या बेळगावने तिला ओळखलं. प्रत्येक घराच्या दाराशी सकाळी तिची हाक गेलेली होती.

मडमेने टाळी वाजवायला सुरुवात केली. ते फ्रेंच चित्र तिच्या ओळखीचं असणार. मग तिला रंग दिसले आणि हात तसेच थांबले. मागे फौजदाराची खुर्ची सरकली. त्याला वाटेत आया आडव्या आल्या, कारण आयांची सबंध रांग उठून उभी राहिली होती. माझ्या तोंडावर कडी लावणारी ती बाई सगळ्यांत पुढे होती.

केशवराव ओरडले, "पडदा! अंबुबाई, पडदा पाड!"

अंबुबाईचे ओठ हलताना दिसले नाहीत, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. घरोघरी हाका मारणारीचा आवाज तो. "मी चित्रात हाय, वकीलसाहेब. चित्रानं हलायचं न्हाय."

विनोदिनी हलली नाही. गुणा हलली नाही. मनूच्या गालावर पाणी आलं, पण तीही हलली नाही. मी कागद खाली टाकला आणि तोंडपाठ म्हणायला लागले, मोठ्याने, "चौथं चित्र. इथे नियम संपतात. इथल्या बाईला घाम येतो, राग येतो, आणि ती पुढे चालते. तिच्याकडे बघणाऱ्याला मग बसून राहता येत नाही."

केशवराव तीन ढांगांत व्यासपीठावर चढले आणि त्यांनी स्वतः दोराला हात घातला. अंबुबाईने तो व्यासपीठाच्या लाकडी खांबाला बांधून टाकला होता. बैल बांधतात तशी येळ्ळूरची गाठ होती ती. वकीलसाहेबांनी नखं लावली, दात लावले, खिशातलं पांढरं कापड खाली पडून पायांत घोटाळलं. गाठ काही सुटली नाही.